काठोकाठ भरलेला कप

मित्रांनो, पोटाला पोचा पडलेला, झाकणाला रबरबँड लावलेला जुना थर्मास म्हणजे मी. जन्म पुण्याचा, संसार मात्र अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या थंडीत. चहा गरम ठेवण्यापलीकडे मला काही येत नाही. पण ज्ञानदामावशींनी मला केवढ्या कामाला लावलं!

मावशी नर्स. वस्तीतल्या पूर्व आफ्रिकेतून आलेल्या काही घरांत रीत म्हणून लहान मुलींची खतना होई. सुट्टीत गावी नेऊन त्यांच्या नाजूक अवयवावर पातं चालवत. हे थांबावं म्हणून मावशींनी बायकांना बोलावलं आणि आपल्या सवयीने प्रत्येकीला अर्धा कप चहा दिला. तो पिऊन बायका चालत्या झाल्या!

"सत्यजित, इतकं प्रिपेअर केलं होतं यार, स्लाइड्स ओपन करायच्या आधीच सगळ्या गेल्या!" मावशी घरी नवऱ्यापाशी करवादल्या.

शेजारच्या हलिमाने हसत उलगडा केला, "आमच्या गावात अर्धा कप म्हणजे, आता निघा."

मग मावशींनी स्लाइड्स बासनात गुंडाळल्या. दर शनिवारी काठोकाठ कप भरायचे आणि ऐकायचं. काय चिकाटी त्या बाईची!

एका शनिवारी हलिमाच्याच चहावर साय धरली. तिच्या लेकीला, सगलला, आजीने गावी बोलावलं होतं.

"मी भोगलं ते तिच्या वाट्याला नको. पण आईला नाही कसं म्हणू?"

"आत्ता कॉल कर," मावशी म्हणाल्या. "आम्ही सगळ्या इथेच आहोत."

हलिमाने फोन मला टेकवून उभा केला. "आई, सगल येणार नाही. तिच्यावर पातं चालणार नाही."

पलीकडून म्हातारी म्हणाली, "इथली शाळा चौथीत संपते. पुढे मुलींचं आम्ही करायचं काय? रीत उरकतो, लग्न लावतो."

त्या दिवसापासून बायकांनी गावच्या शाळेचाही ध्यास घेतला. शिक्षिका शोधल्या, पुस्तकं धाडली. आता तिथे आठवीचा वर्ग भरतो, आणि सगल इथून व्हिडिओवर त्या मुलींना इंग्रजी वाचून दाखवते.

परवा आजी स्वतः आली. मावशींनी कप भरायला घेतला, पण मी मध्येच रिकामा झालो. अर्धाच कप! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीने मात्र कप पुढे धरूनच ठेवला.

"आणखी चहा कर. मला पुष्कळ बोलायचंय. आता पातं नको, हे गावातल्या बायकांनाही सांगायचंय."

मित्रांनो, मला माळ्यावर टाकू नका. अजून बऱ्याच आज्या यायच्या आहेत.