शालूबाईनं मला ओळखलं

मी हाताच्या पंजाएवढा एक पुठ्ठा आहे. माझ्यावर देवीच्या फोडांनी भरलेल्या एका लेकराचा फोटो आहे. छापखान्यातून माझ्यासारखे ढीगभर निघाले. मी खामगावच्या हिंमतरावांच्या वाट्याला आलो. ते देवी टोचायचे. सायकलवरून जळगाव जामोदकडची गावं पालथी घालायचे आणि भेटेल त्याला मला दाखवून विचारायचे, "असं बिमार कोणी हाय काय?"

मला पाहिलं की लोक तोंड फिरवत. कुणी हात जोडत. देवी आल्या की दाराला लिंबाचा पाला बांधायचा आणि गप्प राहायचं, ही रीत. पण लपवलेला एक रोगी गावभर आजार पसरवी.

एकदा बाजारात शालूबाई नावाच्या बांगडीवालीनं मला हातात घेतलं. माझ्यावरच्या फोडांवरून तिनं बोट फिरवलं.

"भाऊ, या कांजण्या नाहीत?"

"नाही माय. कांजण्या पोटा-पाठीवर जास्त. ह्या तोंडावर, हातापायावर दाटतात. तळपायावर बी."

"माया नातीच्या, सुलभाच्या, तळपायावर हायेत," ती पुटपुटली. "तिले उचलून नेसान काय?"

"नाही. पोरगी मायच्या कुशीतच राहील. फक्त घरात कोणी येऊ नये, अन् बाकीच्यायले टोचू द्या."

शालूबाईनं टोपली उचलली आणि पुढं चालू लागली. सातपुड्याच्या पायथ्याशी लेकीचं घर. जावई भाऊराव दार अडवून उभे राहिले.

"आमच्या घरी कोणी बिमार नाही!"

"सरका जावईबापू. मीच आनलं यायले. सुलभा झुंजून राह्यली, पाळण्यातल्याले तरी वाचवा!"

भाऊरावांचा हात चौकटीवरून हळूच खाली आला.

हिंमतरावांनी आधी तान्ह्याला टोचलं, मग घरच्यांना, मग साऱ्या गावाला. कुणी आत जाऊ नये म्हणून शालूबाई स्वतः दारात बसली. सुलभा वाचली. चेहऱ्यावर व्रण राहिले. पण तान्ह्याला एक फोडही आला नाही. आजार त्या उंबऱ्यातच संपला.

आता माझे कोपरे झिजलेत, रंग उडालाय. तरी कुणी मला समोर धरलं तर तोंड फिरवू नका, नीट पाहा, एवढंच माझं मागणं.

परवा एका गावात एका चिमुरडीनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "याच्या तोंडाले काय झालं?" तिनं विचारलं. तिनं असलं काही पाहिलंच नव्हतं.

हिंमतराव हसले. "जुनी गोष्ट हाय, बेटा," म्हणाले, आणि त्यांनी मला खिशात ठेवलं.