कानाचा मानकरी

उकडलेल्या मेंढीच्या डोक्याचं ताट कासेन आजोबांनी स्वतःपुढून उचललं आणि केंझेतायपुढे सरकवलं.

"हा मान माझा होता. आज तुझा," ते म्हणाले. "तसल्या बर्फाच्या वादळात विमानभर माणसं जिवंत उतरवलीस. खा."

ओराझने केंझेतायच्या, आपल्या धाकट्या भावाच्या, पाठीवर थाप मारली. भाऊ वाचला म्हणून देवाच्या नावाने हे जेवण त्यानेच घातलं होतं, आणि निम्मं गाव सतरंजीवर दाटीवाटीने बसलं होतं.

"काय रे दौलेत," कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "विमान खड्ड्यात गेलं तेव्हा विजार कोरडी राहिली का?"

सगळे खो खो हसले. केंझेतायचा सहवैमानिक दौलेतही हसला. पंक्तीत तोच सर्वांत लहान, म्हणून डावा हात प्लास्टरमध्ये असतानाही मघाशी सगळ्यांच्या हातांवर पाणी त्यानेच घातलं होतं.

केंझेतायच्या हातांवर पाणी घालताना तो हळूच म्हणाला होता, "दादा, चापटीचं मी कुठे बोललो नाही. उद्या चौकशीतही नाही बोलणार."

केंझेतायचा जीव भांड्यात पडला होता. मग त्याचीच लाज वाटून त्याने टॉवेलात उगीचच फार वेळ हात पुसले होते.

त्या दिवशी धावपट्टीचे दिवे दिसलेच नव्हते. दिवे दिसले नाहीत की विमान पुन्हा वर न्यायचं, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. दौलेत नुसता "दादा..." म्हणाला होता. त्यापुढे "तुमचं चुकतंय" असं जोडायची जीभ आमच्याकडच्या पोरांना नसते. म्हणून त्याने न बोलता इंजिनाचा जोर वाढवायला डावा हात पुढे केला, आणि केंझेतायने त्यावर सणसणीत चापट मारली. मग चाकं टेकली ती अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर. पुढे बर्फ होता आणि त्यापलीकडे खड्डा. हवाईसुंदरी ऐगेरिमचा एक पाय डॉक्टरांना कापावा लागला. विमानातल्या आवाज टिपणाऱ्या यंत्रात "दादा" हा शब्द असेल. चापट कोणाला ऐकू येणार?

"अरे, काप ना!" ओराझ म्हणाला. "आमच्या पोटात कावळे ओरडतायत."

केंझेतायने सुरी घेतली. गालाचं मांस काढून आजोबांना दिलं, मग कान कापला. कान पंक्तीतल्या सर्वांत लहानाचा. वडीलधाऱ्यांचं ऐकत जा, एवढाच त्याचा अर्थ. त्याने स्वतः लहानपणी असे कितीतरी खाल्ले होते.

दौलेत गुडघ्यांवर पुढे सरकला. मान खाली घालून त्याने धड असलेला हात पसरला.

त्या पसरलेल्या हाताकडे केंझेतायला बघवेना. त्याने कान स्वतःच्या तोंडात टाकला.

"अरे, अरे! पोराचा कान खाल्ला की यानं!" पंक्तीत पुन्हा हशा पिकला.

केंझेताय चावत राहिला. कान चिवट होता. गिळून झाल्यावर तो म्हणाला, "हा पोरगा ऐकण्यात कमी पडला नाही, आजोबा. मी पडलो. विमान वर न्यायला यानं हात पुढे केला होता. मी त्या हातावर मारलं."

हसणं थांबलं. ओराझची मान खाली गेली, आणि दौलेतने पसरलेला हात हळूच मागे घेतला.

कासेन आजोबांनी ताट आपल्याकडे ओढलं. केंझेतायला वाटलं, संपलं, मान गेला. म्हाताऱ्याने मात्र सुरी उचलून दुसरा कान कापला.

"उद्या चौकशीवाल्यांपुढे बसायचंय तुला," ते म्हणाले. "हाही तूच खा."

केंझेताय गुडघ्यांवर पुढे सरकला आणि मान खाली घालून त्याने हात पसरला.