आडाळ्यावर बसणारी आते

मित्रांनो, मी एक जुना आडाळो आहे. शहरातली माणसं मला विळी म्हणतात, पण आमच्या कुणकेश्वराकडच्या गावांत माझं नाव आडाळो. धोंडू सुताराने फणसाच्या लाकडातून माझी बैठक कोरली आणि लोहाराने पुढे पातं ठोकून बसवलं. पात्याच्या टोकाला बारीक दात आहेत. माझ्यावर बसून त्या दातांवर नारळ खवतात.

मी ज्या घरात आलो ते घर हरिश्चंद्राचं. तो मुंबईला गिरणीत कामाला होता आणि मे महिन्यात बोटीने गावी यायचा. घरी त्याची बायको सीता, मुलगी विमला, धाकटा लवू आणि हरिश्चंद्राची मोठी बहीण रुक्मिणी. नवरा वारला म्हणून रुक्मिणी माहेरी आली, ती आल्या दिवशीच नारळ घेऊन माझ्यावर बसली. मग रोजच बसू लागली. मुलं तिला आते म्हणत.

पाहुणे जेवून उठताना म्हणत, "सीता, तुझ्या हाताक चव आसा हां!" सीता हसे. खोबरं कोणी खवलं, वाटण कोणी वाटलं, हे कोणी विचारत नसे. माझंही नाव कोणी घेत नसे, पण मी पडलो लाकूड. आते तर माणूस होती.

सत्तावन्न सालची गोष्ट. एके दुपारी आतेने लवूला भात संपवायला सांगितलं. त्याने ताट ढकललं आणि म्हणाला, "तू हंय कित्याक रवतंस? तुझ्या घराक जा मगे!"

आतेचा हात पात्यावरच थांबला. अर्धा नारळ राहिला होता, तो तिने खवून पुरा केला.

सीता दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. तिने लवूचा कान पकडला आणि त्या दिवसापासून एक नियम घातला. जेवण झालं की आतेला "देव बरे करो" म्हणायचं. आमच्याकडे आभार असेच मानतात. लवू हात धुता धुता ते घडाघडा म्हणून पळायचा. एकदा त्याने तेच मांजरालाही म्हटलं.

"पोपटाक शिकवलंस काय गो, सीता?" आते म्हणाली. ती हसली, पण माझ्यावर बसलेली ती मला हलकी झालेली वाटली नाही.

थोड्याच दिवसांनी नांदगावहून भिकाजी आला. तो आतेचा धाकटा दीर; शेवंती त्याची बायको. पडवीत टेकल्या टेकल्या म्हणाला, "वयनी, शेवंती आंथरुणाक खिळली. घरात दुसरा बाईमाणूस नाय. तुमी येशात काय?"

"येतंय," आते म्हणाली. "हंय माझ्यावाचून कोणाचा काय अडता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. आते लुगडी बांधत बसली, म्हणून दुपारी वाढायचं काम विमलाकडे आलं. लवूने बांगड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि रडायलाच लागला. घशात काटा अडकला होता. सीताने भाताचा गोळा गिळायला लावला, तेव्हा कुठे काटा खाली उतरला.

तिन्हीसांजेला सीताने दिवा लावला. मुलांचा परवचा झाला. मग ती म्हणाली, "वन्संनू, वायच बसा. तुमी आमच्यासाठी काय केलास, ता आज एकेकान सांगाचा. मुलांआधी मी सांगतंय."

आते टेकली ती माझ्यावरच. बसायला तिला दुसरी जागा सुचली नसावी.

सीता म्हणाली, "विमलाच्या वेळी मी उठूक शकत नव्हतंय. तुमी माका न्हाव घातलास, माझी लुगडी धुतलास. मी कधी एक शब्द बोललंय नाय. आणि लवू त्या दिवशी जा काय बोललो, ता माझ्याच तोंडातला. शेजारच्या काशीबाईकडे मी बोललेलंय, ता ह्या पोरान आयकल्यान."

मग विमला म्हणाली, "आते वेणी घालता तेव्हा केस वडत नाय. आई वडता."

सगळ्यांनी लवूकडे पाहिलं. तो पायाचा अंगठा जमिनीवर घासत होता. "माका वाटायचा, बांगड्याक काटेच नसतत," तो म्हणाला. "ते आते काढायची."

आतेने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. तिचं सगळं अंग हलत होतं एवढं जाणवलं.

तरी ती गेलीच. शेवंतीला तिची खरोखर गरज होती आणि तिने शब्द दिला होता. माझ्यावर आता सीता बसू लागली. पण तो तिन्हीसांजेचा रिवाज सुटला नाही. आज आपल्यासाठी कोणी काय केलं, ते प्रत्येकाने सांगायचं. एकदा लवू हटून बसला, "आज कोणी कायच केल्यान नाय." सीता रागावली नाही. "पाय धुतलस ता पाणी कोणी भरलेला?" तिने विचारलं. त्याने विचार केला आणि हळूच विमलाचं नाव घेतलं.

भातकापणी झाली, शेवंती हिंडूफिरू लागली आणि आते परत आली. सीता माझ्यावरून उठू लागली, तशी आते म्हणाली, "बस गो. आज तूच खव." आणि पाट ओढून ती शेजारी बसली, नांदगावच्या गोष्टी सांगत. खोबऱ्यातली चिमूटभर तोंडात टाकत दोघी किती वेळ बोलत होत्या!

मित्रांनो, माझं पातं आता झिजलं आहे. मला पुसून, तेल लावून ठेवलंत तर बरंच वाटेल. पण त्याआधी आपल्या घरातल्या माणसांकडे बघा. नुसते शब्द पाठ करू नका. कोण तुमच्यासाठी काय करतं, ते शोधून काढा आणि त्यांच्याजवळ बसून त्यांनाच सांगा. ते घरात आहेत तोवर सांगा.