डोंगराकडची बाजू

आईने दार उघडले, पर्स काखेत धरली आणि गाडीला मागून वळसा घालून ती पलीकडच्या दाराशी आली. जाताना आणि इथवर येतानाही ती ड्रायव्हरच्या मागे बसली होती, आता पुढच्या परतीला ती बाबांच्या मागे बसणार होती. सीटवरची संत्र्यांची पिशवी तिने उचलली, आपल्या आधीच्या जागेवर सरकवली आणि आत बसून दार लावून घेतले.

मुलगी स्टीअरिंगवर बोटे वाजवत बाबांची वाट बघत होती. चष्म्याच्या दुकानातून परतताना चहासाठी म्हणून ते तिघे तळ्याकाठच्या या पॉइंटवर थांबले होते. चहा कधीच संपला होता. बाबा मात्र कठड्याशी उभे होते. एका तरुण जोडप्याने त्यांना "आमचा एक फोटो काढता का?" एवढेच विचारले होते, आणि तेवढे पुरे झाले होते. फोटो काढून झाला, मोबाइल परत दिला गेला, आणि आता बाबा हाताने हवेत रस्ता आखत होते.

"आधी ही कोळ्यांची पायवाट. मग लव्हाळं वाहणाऱ्या गाड्या जायला लागल्या, तेव्हा कुणीतरी मुरूम टाकला. पाऊस लागला की अर्धा रस्ता तळ्यात. बस वरच्या जुन्या रस्त्यानं जायची, गावागावात थांबत. मी नोकरीत लागलो तेव्हा याचा राज्य मार्ग करायचं ठरलं."

"म्हणजे हा रस्ता तुम्ही बांधलात?"

"मी आखला. बांधणारे वेगळे." हे वाक्य बाबा नेहमी हळू आवाजात म्हणत आणि ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर थांबत.

"मग तो मध्येच आत का वळवला?" त्या तरुणीने विचारले. "खिंडीतून येताना तळं दिसतच नाही."

"तीच तर गंमत. सारखं दिसलं की माणूस बघायचं सोडतो. जरा लपवायचं, मग एकदम दाखवायचं."

"वा."

"आणि ती खिंड आहे ना, तिथं आमच्या हिचं घर होतं. लोक सासुरवाडीला जातात, मी सासुरवाडीवरून जातो."

जोडपे हसले. बाबांनी गाडीकडे पाहिले. मुलगी हसली. लहानपणापासून ते तिचे काम होते. ती हसली की बाकीच्यांच्या हसण्यातला उरलासुरला संकोच जाई.

बाबा गाडीत येऊन बसले.

"झाला इतिहास सांगून?" मागून आई म्हणाली.

"लोक विचारतात, मी सांगतो."

"त्यांनी फोटो मागितला होता."

मुलीला हसू आले, पण ते तिने दाबले. गाडी वळण घेऊन खिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना कापलेला दगड होता, तळ्याकडे बुटका आणि डोंगराकडे उंच. बाबांनी नवा चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला.

"दामट जरा. इथं रेंगाळायचं नाही. दरड येते."

"हळू घे ना थोडी," आई म्हणाली.

"आई, दरड येते इथं."

"इतक्या वर्षांत किती आल्या?"

"एक पुरते," बाबा काचेवर फुंकर घालत म्हणाले.

मुलीने पाय दाबला. खिंड संपली आणि खाली पुन्हा तळे दिसू लागले. आरशात आईचा चेहरा दिसत नव्हता. काचेला टेकलेले पांढरे केस तेवढे दिसत होते.

रात्री आईने संत्री धुऊन टोपलीत ठेवली. "उद्या निघताना यातली निम्मी घेऊन जा," ती म्हणाली, "तुझ्या बाबांना आंबट चालत नाही आणि मला एकटीला जात नाहीत." सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली, तिला काही कळलंही नसेल, असे डॉक्टर म्हणाले. मुलीला त्याने बरे वाटले नाही. आईला काही कळत नसेल असे लोक ती जिवंत असतानाही धरून चालत.

मामा दुसऱ्या दिवशी आला, वरच्या रस्त्याच्या बसने. तळ्याकाठच्या रस्त्याला त्याने उभ्या जन्मात पाय लावला नव्हता, आणि यांच्या घरालाही क्वचितच. तो बाबांशी दोन वाक्ये बोलला, पाणी प्यायला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मुलगी त्याच्या शेजारी बसली.

"आखणी काठानंच होती," तो समोर बघत म्हणाला. "खुणांचे दगड मी पाहिलेत. आमच्या घराच्या कितीतरी खाली. तुझा बाप तेव्हा आमच्याकडेच जेवायचा. म्हणाला, तुमच्या घराला धक्का लागायचा नाही. त्या शब्दावर तर मुलगी दिली."

"मग?"

"मग काय. काठावर बोट क्लब होता, मोठ्या लोकांचा. क्लब हलवायचा की घर? पुढचं तुझ्या बापाला विचार. क्लबातल्या खुर्च्या किती मऊ होत्या तेही विचार."

"आई काहीच बोलली नाही?"

"कुणाला बोलणार? घर गेलं होतं, नवरा तेवढा उरला होता."

तिने बाबांना काही विचारले नाही. तेरा प्रश्न मनात तयार होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी बाबांचा एकट्याने जेवणारा हात दिसत होता. आईच्या जागेवर त्यांनी वर्तमानपत्र ठेवायला सुरुवात केली होती.

काही महिन्यांनी बांधकाम खात्याच्या ऑफिसातून फोन आला. पॉइंटवर रस्त्याच्या इतिहासाचा फलक लावायचा होता आणि त्याचे अनावरण साहेबांच्या, म्हणजे बाबांच्याच हस्ते करायचे होते. मजकूरही त्यांनीच द्यावा. बाबा मुलीला मजकूर सांगू लागले. ती एका प्रकाशनात दुसऱ्यांची पुस्तके तपासायचे काम करी, त्यामुळे घरातले कुठलेही लिखाण तिच्याकडेच येई. पायवाट, गाड्या, मुरूम, राज्य मार्ग, दृष्टिसौंदर्यासाठी साधलेले वळण. शेवटची ओळ बाबांनी डोळे मिटून सांगितली. 'या मार्गावर नितांत प्रेम करणाऱ्या माझ्या पत्नीस.'

तिचे पेन थांबले. "आईला आवडायचा हा रस्ता?"

"अगं, म्हणजे काय. एका फेरीला कधी खिडकी सोडली का तिनं?"

तिने 'नितांत' खोडले.

"ते का काढलंस?"

"जास्त होतंय."

"बरं," बाबा म्हणाले. "तुला कळतं त्यातलं."

फलक तयार झाल्यावर तो नीट तपासून आपणच घेऊन येतो, असे बाबांनी ऑफिसला कळवले. ठरल्या दिवशी ऑफिसने ड्रायव्हरसह गाडी पाठवली. चादरीत गुंडाळलेला फलक बाबांच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला होता. त्यामुळे तिला ड्रायव्हरच्या मागे बसावे लागले.

जाताना आई याच जागेवर बसायची. लहानपणी मागच्या सीटवर आई आणि ती असत, आणि तळ्याकडची खिडकी नेहमी मुलीची असे. जातानाही आणि येतानाही. येताना आई उतरून गाडीला वळसा घाली. "हिला ऊन लागतं," असे बाबा सांगत, मग दिवस ढगाळ का असेना. आत्या म्हणे, "बघ, आईनं तुझ्यासाठी तळं सोडलं." मुलीने हे खरे मानले होते. आई गेल्यावर भेटायला आलेल्या मैत्रिणींना तिने ते सांगितलेही होते, आणि सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

बस डेपो गेला, कालव्याची दारे गेली, लव्हाळ्याचा लांबच लांब पट्टा गेला. क्लबचे लाल छप्पर झाडांतून दिसले. आता तिथे हॉटेल होते. छप्पर जवळ येताच रस्ता शहाण्या मुलासारखा आत वळला.

"दामट जरा," बाबा ड्रायव्हरला म्हणाले. "दरड येते इथं." त्यांनी चष्मा काढला. खिशातला रुमाल काढला. चष्मा त्यांनी घरून निघतानाच पुसला होता.

तिच्या खिडकीबाहेर नुसता दगड धावत होता. पहारींचे आणि सुरुंगांचे उभे वण. काही दिसण्यासारखे नव्हते. मग तिने डोके काचेला टेकवले आणि वर पाहिले.

खिंडीच्या वरच्या काठावर पायऱ्या होत्या. घडीव दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. वरच्या गवतातून त्या खाली येत होत्या आणि एका पायरीनंतर पुढे काहीच नव्हते, सरळ हवा. त्यांच्या बाजूला जोत्याचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता.

"जरा हळू घ्या," ती म्हणाली.

ड्रायव्हरने बाबांकडे पाहिले. बाबा मांडीवर मान घालून काच पुसत होते. गाडी खिंडीबाहेर पडली. एकदम तळे समोर आले, झगझगीत, जसे ते यावे असे ठरवले होते.

ती तशीच काचेला टेकून राहिली. म्हणजे प्रत्येक फेरीत, जाताना एकदा आणि येताना एकदा, गाडीला खिंड ओलांडायला लागेल तेवढा वेळ आई माहेरी जात होती. शेवटच्या वेळी तिने तो वेळ थोडा वाढवून मागितला होता.

पॉइंटवर पंधरावीस माणसे जमली होती. ज्युनिअर इंजिनिअर, कंत्राटदार, एक वार्ताहर, चहाच्या टपरीवरची बाई. फलक चौकटीत बसवून त्यावर कापड टाकले गेले. बाबा बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांची पाठ ताठ झाली. पायवाट झाली, गाड्या झाल्या, मुरूम झाला.

"तळं जरा लपवायचं, मग एकदम दाखवायचं. आणि त्या खिंडीत आमच्या हिचं घर. लोक सासुरवाडीला जातात, मी सासुरवाडीवरून जातो."

माणसे हसली. कंत्राटदार जरा जास्तच हसला. बाबांनी सवयीने मुलीकडे पाहिले. ती त्यांच्याकडेच बघत होती. हसू थोडे लांबले, मग ते कुठे संपवायचे ते कुणालाच कळेना.

बाबांनी घसा साफ केला. "आज ती हवी होती. तिला फार आवडायचं हे सगळं. एका फेरीला तिनं खिडकी सोडली नाही."

त्यांनी कापड ओढले. टाळ्या झाल्या. चहावाल्या बाईने डोळे टिपले.

"ताई, तुम्हीही दोन शब्द बोला," ज्युनिअर इंजिनिअर म्हणाला. "तुम्ही तर लहानपणापासून हा रस्ता बघताय."

बाबांनी मान डोलावली. ते तिला जागा देण्यासाठी थोडे सरकलेही. ती पुढे आली. सगळ्यांची तोंडे तळ्याकडे होती. तिने तळ्याकडे पाठ केली, म्हणजे समोर डोंगर आला.

"आईनं कधी खिडकी सोडली नाही, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण ती खिडकी डोंगराकडची असायची. जातानाही आणि येतानाही."

बाबांचा हात चष्म्याकडे गेला.

"चष्मा राहू द्या, बाबा. वर आईच्या घराच्या पायऱ्या अजून आहेत. तुम्हालाही दिसतात त्या."