पंपातल्या गोळ्या

भांडी धुऊन झाली असतील म्हणून तिने डिशवॉशरचं दार उघडलं, तर तळाशी खरकट्याचं गढूळ पाणी तसंच साचलेलं. दुरुस्तीवाल्याला पुढच्या आठवड्यापर्यंत सवड नव्हती. नवरा कामावर गेला होता, तिला सुट्टी होती. तिने बाह्या सरसावल्या, वायर काढली आणि मग्याने पाणी उपसलं.

"जमेल ना गं? नाहीतर होतं नव्हतं तेही जायचं," आंघोळीला निघालेले सासरे दारातून म्हणाले.

"आप्पा, तुम्ही जा बघू!"

फिल्टर काढून पाहिला. तो नीट बसलेलाच नव्हता, पण चोंदलेलाही नव्हता. सिंकखालच्या पाइपला पीळ पडला असेल म्हणून तो सोडवून फुंकून पाहिला. वारा सरळ आरपार गेला. राहिला पंप. फिल्टरच्या खड्ड्यातलं झाकण तिने उचकटलं आणि पंपाची फिरकी बोटाने ढकलली. ती जागची हलेना. चिमट्याने ओढल्यावर चांदीच्या कागदाचा एक तुकडा निघाला. त्यात गोळी होती, सीलबंद. मग दुसरा तुकडा, तिसरा. ओंजळभर निघाले.

ती बघतच राहिली. हे तुकडे तिनेच कात्रीने कापलेले होते. आप्पांची रक्तदाबाची गोळी ती रोज त्यांच्या नाश्त्याच्या बशीत ठेवून कामावर पळायची. या वयातही आप्पा आपली बशी आपणच मशीनमध्ये लावतात, याचं तिला केवढं कौतुक! बशीआडून गोळीही रोज आत सरकत होती तर. आणि रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत चालले होते.

एकदम तिला सकाळ आठवली. आज सुट्टी म्हणून ती गप्पा मारत त्यांच्यासमोर बसली होती. गोळी तिने स्वतः सोलून हातावर दिली होती, आणि त्यांनी मुकाट्याने गिळली होती. वाढवत नेलेला तो सगळा डोस, एका दमात!

"आप्पा!"

बाथरूममधून ओ आली नाही. नुसताच नळ वाहत होता. दार लोटलेलंच होतं. आप्पा पंचा गुंडाळून भिंतीला टेकून खाली बसले होते, चेहरा पांढराफटक, अंग घामाने थंडगार.

"डोळ्यांपुढे अंधारी आली गं," ते पुटपुटले.

तिने त्यांना तिथेच आडवं केलं, पाय बादलीवर ठेवले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उठवू नका. गाडी पाठवतो."

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. गोळी आता अगदी कमी डोसपासून सुरू होणार होती. धावत आलेल्या तिच्या नवऱ्याने विचारलं, "पण का, आप्पा?"

"पहिल्याच गोळीने भोवळ आली होती. सांगितलं असतं, तर एकट्याला बाहेर सोडलं असतंत का मला?"

"सोडलं नसतं," ती म्हणाली. "पण फिरायला मी आले असते की बरोबर."

आप्पांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिने झाकण बसवलं, फिल्टर घट्ट फिरवला आणि मशीन सुरू केलं. पाणी गडगडत निघून गेलं. ते ऐकता ऐकता ती तिथेच फरशीवर बसून रडली.