फळीवरची मोटर

दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या आमच्या कारखान्यात मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह बनतात. ड्राइव्ह चालला की विजेत गोंगाट माजतो, आणि तो लाइनीत शिरला तर शेजारची यंत्रं वेड्यासारखी वागतात. म्हणून आधी गोंगाटाचा अंदाज काढायचा आणि मग तो अडवणारा फिल्टर बेतायचा. अंदाज काढणारी मी, रेवती, डिझाइनची हेड.

सोमवारी क्षिप्राने माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. लातूरची पोरगी, कामाला लागून चार महिने झालेत, आणि बोलणं थेट तोंडावर.

"रेवतीताई, तुमचा आकडा चुकलाय यार. मोटर लोखंडी सांगाड्याला आवळली की गोंगाट तिप्पट होतो. आपला फिल्टर बिल्कुल पुरणार नाही."

तिचं बरोबर होतं. तीन वर्षांपूर्वी घाईघाईत मी मोटर लाकडी फळीवर ठेवून, अर्थिंग न जोडताच मापं घेतली होती. लाकडातून गोंगाटाला जमिनीकडे वाटच मिळत नाही, त्यामुळे आकडा छान लहान आला. चूक मला महिन्याभरात कळली. पण तोवर छोट्या, सुटसुटीत फिल्टरबद्दल माझं कौतुक झालं होतं, बढती मिळाली होती. मी मूग गिळून बसले. तेव्हापासून दर तपासणीला मोटर फळीवरच चढते आणि मी सही करते. आता तर ऑर्डर होती ऑपरेशन थिएटरच्या पंख्यांची. तिथे शेजारीच पेशंटचे मॉनिटर. मला माझीच चीड आली.

दुपारी डायरेक्टर हरीशसरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली, एकदाची सुटेन, असंच वाटत होतं.

त्यांनी शांतपणे चहा मागवला.

"वो तख्ता? मुझे तो पहले दिन से पता है, रेवतीजी. इसीलिए तो आपको हेड बनाया. जिसकी अपनी गलती हो, वो बाहर नहीं बोलता. और हर कागज पर साइन आपका है, मेरा नहीं."

चहा आला. त्यांनी एक कप माझ्याकडे सरकवला.

"क्षिप्रा होशियार है," ते म्हणाले. "उसे आज ही सीनियर का लेटर दे दीजिए. इस ऑर्डर पर साइन वही करेगी. लेटर पहले, साइन बाद में."

बाहेर क्षिप्रा वाटच पाहत होती. "काय म्हणाले सर? आकडा पटला?"

"पटला," मी म्हणाले. "तुला सीनियर करतायत."

तिने तिथेच लातूरला आईला फोन लावला. मी तिला थांबवलं नाही.