रोजच्या चादरी

अनुदान कार्यालयाचं ते पत्र मास्तरांनी इतक्यांदा वाचलं होतं की घड्यांवर कागद विरायला आला होता. उत्तर मात्र दिलं नव्हतं. पत्र तसं साधं होतं. शहराची मोठी जलवाहिनी डोंगरउतारावर खचली, निम्म्या शहराचं पाणी गेलं, आणि पाण्यावर चालणाऱ्या धंद्यांनी माणसं काढू नयेत म्हणून सरकार त्यांचा पगार देऊ लागलं. मास्तरांच्या लाँड्रीलाही अनुदान मिळत होतं. आता कार्यालयाने एवढंच विचारलं होतं: आपला कामगार कामावर आहे का, आणि सध्या कोणतं काम करतो?

मास्तर हे काही खरे मास्तर नव्हते. गल्ल्यावर बसून कायम पुस्तकात डोकं, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. आणि कामगार म्हणजे इस्त्रीवाल्या मावशी. त्या वयाने मास्तरांपेक्षा लहान, पण सगळेच मावशी म्हणत, म्हणून तेही म्हणत.

त्या पत्राने मास्तरांची झोप उडवली. मावशी रोज वेळेवर येत, टेबल पुसत आणि बसून राहत. हे कामावर असणं झालं की नाही? ‘काम नाही’ लिहावं, तर अनुदान बंद होऊन मावशींना घरी पाठवावं लागणार. ‘काम आहे’ लिहावं, तर धडधडीत खोटं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाण्याचा थेंब नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं, आधी काम निर्माण करावं, मग खरं उत्तर लिहावं. बायको टँकरच्या रांगेत गेली की ते कपाटातल्या धुतलेल्या चादरी काढत, त्यांवर बसून त्या चांगल्या चुरगाळत आणि पिशवीत कोंबून दुकानात नेत. मावशी इस्त्री फिरवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चादरी. तरी लिहायला बसलं की पेन अडेच. आपणच चुरगाळलेल्या चादरीला काम म्हणावं का, हा नवाच घोळ होऊन बसला.

मावशी काही विचारत नव्हत्या. उलट फार मायेने वागत. जाताना रोज म्हणत, वहिनींना जपा. कशासाठी ते मास्तरांना कळत नसे, पण विचारायचा धीर होईना. चाललंय आपलं, एवढंच ते पुटपुटत.

मग एक दिवस त्यांची बायकोच दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन दुकानात शिरली. घरात अंथरायला एक चादर सापडत नाही, म्हणाली.

मावशींनी इस्त्री उभी केली. “अगं बाई, वहिनी, तुम्ही चालताय?”

“चालू नको तर काय करू? टँकर काय स्वयंपाकघरात येतोय?”

“तुम्ही अंथरुणाला खिळलात ना?”

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पुस्तकाकडे पाहिलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज घरच्याच चादरी, त्याही अशा चोळामोळा झालेल्या. मावशींनी गृहीत धरलं होतं की वहिनी फार आजारी आहेत आणि मास्तर संकोचाने बोलत नाहीत. दवाखान्याच्या लाँड्रीला स्वतःची विहीर आहे. तिथून त्यांना बोलावणं आलं होतं. पण घरात आजारपण असताना माणसाला सोडून कसं जायचं, म्हणून त्यांनी ते परतवलं होतं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींना सांभाळायच्या नादात आपण त्यांच्याच ताटात माती कालवली की काय? त्यांनी पत्र पुढे केलं आणि अडखळत सगळं सांगितलं.

“कपाटभर पुस्तकं वाचलीत,” वहिनी म्हणाल्या, “आणि एका ओळीचं उत्तर येईना.”

मावशी मात्र हसल्या नाहीत. “मला थांबायचंय की नाही, हे विचारलंत कधी?”

नव्हतं विचारलं. सरकारने निदान त्यांच्या कामाची चौकशी केली होती, मास्तरांनी तेवढीही नाही.

“थांबता का?” मास्तर कसेबसे म्हणाले. “तिकडे विचारून पाहा हवं तर. अजून घेतील.”

मावशींनी इस्त्रीच्या टेबलावरून हात फिरवला. त्याचे पाय त्यांनी स्वतः करवतून आपल्या उंचीचे करून घेतले होते. पाणी कधी येणार, त्यांनी विचारलं. माहीत नाही, मास्तर म्हणाले.

“येईपर्यंत थांबते. पण उद्या चादर आणलीत तर परवा मी तिकडे.” मग पत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, “लिहा, बाई बसून आहेत. बसवून ठेवायचेच पैसे असतील तर देतील, नाहीतर नाही म्हणतील. त्यांच्या मनातलं तुम्ही कशाला ओळखत बसता?”

मास्तरांनी लिहिलं: कामगार रोज येतात. काम नाही. पाणी आल्यावर काम येईल, तेव्हा त्या इथे असाव्यात म्हणून थांबवून घेतलं आहे. मध्यंतरी घरच्या चादरींना इस्त्री केली, ती कामात धरू नये. हे चालत नसेल तर कृपया लवकर कळवावं.

चादरींचं लिहायला हवं होतं का, हे टपालपेटीपाशी पोचेपर्यंत त्यांना ठरवता आलं नाही. पाकीट अर्धं आत, अर्धं हातात. मागे वहिनी कॅन खाली ठेवून उभ्या होत्या. “टाका एकदाचं,” त्या म्हणाल्या, “हात भरून आलेत माझे.”

मास्तरांनी टाकलं. मग वाकून फटीत पाहिलं. आत काळोख होता.